सातवीचं गणित गावात कसं न्यावं, आणि परत कसं आणावं

सर्वांत आधी टेप शोधा. तीस मीटरची. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात, हवा गेलेल्या व्हॉलीबॉलखाली, गेल्या क्रीडास्पर्धेपासून न गुंडाळता पडलेली असते. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला असतात. म्हणजे पहिला दिवस गेला. घाबरू नका, हाही अभ्यासक्रमाचाच भाग समजा.

दुसऱ्या दिवशी टेप हाती आली की तिचं सुरुवातीचं टोक बघा. कडी तुटलेली असणार आणि आकडे शून्यापासून सुरू होणार नाहीत. आमच्या शाळेच्या टेपचे पहिले चौदा सेंटिमीटर कुठल्याशा लांब उडीत गेले होते. मी पोरांना सांगितलं, एक मीटरच्या खुणेपासून धरा आणि शेवटी एक वजा करा. पाच गट होते. तिघांनी वजा केला. एका गटात मोजणाऱ्यानं वजा केला आणि लिहिणाऱ्यानंही केला. पाचवा गट विसरला. शाळेचा व्हरांडा त्या दिवशी अठरा मीटर, सतरा मीटर आणि एकोणीस मीटर असा तीन लांबींचा निघाला. तिन्ही आकडे फळ्यावर लिहून मी विचारलं, ह्यातली खरी कुठली? "बहुमतानं अठरा," असं उत्तर आलं. नागरिकशास्त्रात ह्याला पूर्ण गुण मिळाले असते.

ही मार्गदर्शिका सहावी ते आठवीचं गणित पहिल्यांदाच वर्गाबाहेर काढणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. अनुभवी शिक्षकांनी वाचली नाही तरी चालेल. टेप कुठं असते हे त्यांना माहीत असतं.

प्रश्न कसा निवडावा

इथं बहुतेक नवशिके घसरतात. मीही घसरलो. मी सातवीला सांगितलं, तुमच्या स्वप्नातल्या गावाचा आराखडा काढा, प्रमाण घ्या एक सेंटिमीटरला दहा मीटर. सत्तावीस आराखडे आले. चार मॉल, दोन विमानतळ, मारुतीच्या देवळामागं हेलिपॅड, चौकाचौकात कारंजी, आणि अख्ख्या गावात मुतारी एकही नाही. दिलेलं प्रमाण एकट्या एका मुलीनं पाळलं होतं. त्यामुळं तिचं गाव कागदावर मावलं नाही. तिनं अर्धंच काढलं आणि खाली लिहिलं, 'उरलेलं गाव मागच्या पानावर.' मी सगळ्यांना 'छान' असा शेरा दिला. तिलाही नुसतं 'छान'च दिलं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा स्वप्नातलं गाव नको. पाठ्यपुस्तकावर मात्र उगाच राग काढू नका. एक नळ हौद सहा तासांत भरतो आणि दुसरा आठ तासांत रिकामा करतो, ह्या गणिताला शहरातले लोक हसतात. दोन्ही नळ एकदम सोडून कोण ठेवील म्हणे. आमच्या गावची टाकी तश्शीच चालते, वरून मोटर चालू आणि खालून व्हॉल्व्ह गळका. पुस्तकातला हौद चोवीस तासांत भरतो. आमच्याकडे सलग तेवढा वेळ वीज नसते, एवढाच काय तो फरक.

प्रश्न निवडायची माझी आताची कसोटी अशी: तो लहान असावा, रोज पायाखाली येणारा असावा, आणि कुणीतरी आधीच तो चुकीचा सोडवून ठेवलेला असावा. ही तिसरी अट सोडू नका. चुकीचं बांधकाम पोरांना जितकं शिकवतं तितकं कोरा कागद शिकवत नाही. आणि अशा नमुन्यांचा आपल्याकडे दुष्काळ नाही.

हात साफ करायला शाळेच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे, पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. त्या दिवशी हजेरीवर खालच्या वर्गांत ८४ आणि वरच्या वर्गांत ६२. पोरांनी गुणाकार केले, ८.४ आणि ९.३, मिळून १७.७ किलो. अगदी बिनचूक. स्वयंपाकवाल्या मावशींनी सोळा किलो शिजवले. का, तर "आज बाजार हाय. हजेरी दिऊन दहा-बारा पोरं पळत्यात." खिचडी उरली ती डावभर. पोरांना मी म्हटलं, वहीत लिहा, १७.७ हे उत्तर आणि १६ हा स्वयंपाक. गृहपाठ तपासताना दिसलं की एकानं खाली टीप घातली होती, 'मावशींनी हातचा सोडला.'

रॅम्प

आता मुख्य धडा. आमच्या शाळेला रॅम्प आहे, कारण आमच्या शाळेत मतदान केंद्र असतं. जोतं ५४ सेंटिमीटर, म्हणजे अठरा-अठराच्या तीन पायऱ्या. शेजारी रॅम्प. पोरांना मी आधी मोजायला सांगितलं नाही, आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगितलं, हा रॅम्प वापरतं कोण? यादी अशी आली: शेळ्या, पहिली-दुसरीची पोरं (घसरगुंडी म्हणून), तांदळाची पोती ओढत नेणारे दोघं. पाचवीत एक मुलगा आहे, पायात कॅलिपर घालतो. तो वापरत नाही. त्याला दोन मित्र काखेत हात घालून पायऱ्यांवरून वर नेतात. रॅम्पवरून जायची त्याला भीती वाटते. हे आम्ही सगळे रोज बघत होतो, आणि यादीत येईपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग टेप. उतारावरून लांबी भरली २ मीटर २३ सेंटिमीटर. पण उतार काढायला पाया हवा, आणि पाया रॅम्पच्या पोटात. इथं सातवीचा पायथागोरस पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहिला. कर्ण ठाऊक, उंची ठाऊक, पाया काढा. आला २.१६ मीटर. ५४ ला २१६, म्हणजे चारास एक. चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार सुरक्षित धरतात तो बारास एक, एक फूट चढायला बारा फूट जागा. आमचा रॅम्प नियमापेक्षा तिप्पट खडा होता. पोरांना कोण आनंद झाला! सरकारी कामात चूक सापडल्याचा आनंद वय वर्षे बारापासून सुरू होतो.

बारास एकनं ५४ सेंटिमीटरला ६.४८ मीटर लागतात. एका पोरीनं न सांगता त्याचाही कर्ण काढला, ६.५०. "सर, पहिल्या वेळी कर्ण आणि पायात सात सेंटिमीटरचा फरक होता, ह्या वेळी दोनच." मग तिला प्रश्न पडला की उतार अजून कमी करत गेलं तर फरक कधीतरी शून्य होईल का. मला ह्यावर एक सुंदर व्याख्यान द्यायचा मोह झाला. नवशिक्यांना सूचना: असा मोह झाला की पाणी प्या. मी पाणी पिऊन येईस्तोवर तिनंच शेजारणीला सांगून टाकलं होतं, "झोपवला की शून्य. पण मग तो रॅम्प नाही, ओटा."

अडचण निराळीच निघाली. व्हरांड्यापासून ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यापर्यंत अंतर फक्त पाच मीटर. ६.४८ चा सरळ रॅम्प झेंड्यात घुसतो. वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे स्तंभ हलवा. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं आणि तो तट विसर्जित झाला. दुसऱ्या तटानं रॅम्पचे दोन तुकडे केले, ३.२४ आणि ३.२४, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा आणि तिथं काटकोनात वळण. टप्प्याची उंची किती? अर्ध्यावर, २७ सेंटिमीटर. रुंदी १.२ मीटर. हे सगळं खडूनं व्हरांड्यावर आणि फक्कीनं मैदानावर आखलं.

भराव किती लागेल ह्याचं घनफळ काढताना दोन्ही उतारांचे २.०९९५ घनमीटर आले, टप्प्याचे ०.४८६. बेरीज २.५८५५. चार दशांश स्थळं! जिचे चौदा सेंटिमीटर हरवलेत अशा टेपनं मोजून! मी 'शाबास' म्हणणार होतो, तेवढ्यात गवंडीमामा आले. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, तुम्हीही बोलवा. मात्र सकाळी कामावर जायच्या आधी आणि चहा सांगून. त्यांनी आकडा ऐकला. घनमीटर त्यांच्या कामाचा नाही, म्हणून पोरांनी घनफूट करून दिले, ९१.३. मामा म्हणाले, "एक ब्रास सांगा."

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पोरं खवळली. पावणेनऊ फूट मुरूम जास्त कशाला? लोकवर्गणी आहे! मामांनी बोटं मोजली. कडेनं विटांची भिंत येणार, ती वजा. वर काँक्रीटचा थर, तोही वजा. मग मुरूम चोपला की बसतो, ती घट वाढवायची. वजाबाकी आणि बेरीज जवळपास फिटते, म्हणजे नव्वदच लागणार. "मग शंभर का सांगायचं, मामा?" मामा नुसतेच हसले.

वळणाचा काटकोन त्यांनी गुण्या न लावता दोरीनं काढला. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीकडं चार फुटांवर, तिरकं माप पाच भरेपर्यंत दोरी सरकवायची. सातवीतून एकच आरोळी उठली, पायथागोरस! मामांनी इकडंतिकडं बघितलं. एका शहाण्यानं विचारलं, पाच-बारा-तेरानं पण काटकोन येतो, तसा का नाही काढत? मामा म्हणाले, "बारा फूट मोकळी जागा दाखव, काढतो."

इशारा

पुढचं ठळक अक्षरांत छापायला हवं. शाळेच्या आवाराबाहेर टेप उघडण्यापूर्वी गावात तसं सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. सहावीला रस्त्याची रुंदी मोजायला घेऊन गेलो, सरासरी शिकवायची होती. दहा ठिकाणी मापं घ्यायची, बेरीज करायची, दहानं भागायचं, ह्यापलीकडं माझा काही हेतू नव्हता. तिसऱ्या मापाला एका ओट्यावरच्या आजोबांनी विचारलं, "काय चाललंय?" पोरगं टेप धरून उत्तरलं, "मोजणी."

आपल्याकडे हा शब्द जपून वापरावा लागतो. मोजणी म्हणजे भूमी अभिलेखचा माणूस, मोजणी म्हणजे शेजाऱ्यानं कोरलेला बांध, मोजणी म्हणजे तीन पिढ्यांची तारीख. दुपारपर्यंत गावात बातमी गेली की रस्ता रुंद होणार आणि ओटे जाणार. संध्याकाळी शाळेच्या फाटकात अकरा माणसं उभी. त्यात एकमेकांशी वीस वर्षं न बोलणारे दोन भाऊही होते, आणि ते शेजारी-शेजारी उभे होते. मी वह्या काढून दाखवल्या, सरासरी समजावून सांगितली. एकानं शांतपणे विचारलं, "सरासरी साडेचार मीटर आली म्हणता. माझ्या दारात चारच आहे. मग अर्धा मीटर कुणाचा काढणार?"

इतका नेमका प्रश्न मला बी.एड.मध्येही कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मी सहावीपुढं ठेवला. सरासरीत आलेली रुंदी एकाही दारात नसू शकते, हे त्यांना त्या प्रश्नानं कळलं.

शेताच्या बांधाजवळ तर टेप खिशातच ठेवा. गुंठा शिकवायचा असेल तर मैदानात शिकवा, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट फक्कीनं आखून. आत उभं राहिलं की १०८९ चौरस फूट अंगाला कळतात. चाळीस गुंठ्यांचा एकर करायला मैदान पुरत नाही, पण असे चाळीस चौकोन कल्पनेनं मांडता मांडता पोरं आपापल्या शेताच्या गोष्टी सांगू लागतात. कोणाचं किती आणि कोणाचं काहीच नाही, हे तिथंच निघतं. त्या वेळी तास संपल्याची घंटा झाली तर बरं.

पाण्याचं मशीन कुठं ठेवावं

हा धडा नवशिक्यांसाठी नाही. तरी देतो, कारण मी नवशिका असतानाच तो माझ्या अंगावर आला.

गावात शुद्ध पाण्याचं मशीन येणार होतं. नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरणारं. एकच मशीन. आमची वस्ती एका रस्त्याच्या कडेनं लांबत गेलेली. पोरांनी मारुतीच्या देवळापासून अंतरं घेतली (ह्या वेळी आधी सांगून, आणि 'मोजणी' हा शब्द न उच्चारता). देवळापाशी तीस घरं. शंभर मीटरवर वीस. दोनशेवर बारा. अडीचशेवर आठ. मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं, देवळापासून नऊशे मीटरवर, दहा घरं. एकूण ऐंशी.

मशीन कुठं ठेवायचं? वर्गानं सरासरी काढली, नुकतीच शिकले होते. १९२.५ मीटर. तिथं काय आहे ते जाऊन बघितलं. एक चिंच होती. चिंचेखाली मशीन, सावलीसुद्धा मिळणार, सगळे खूश.

मग मी (चुकून, प्रामाणिकपणे सांगतो) म्हटलं की पडताळा करा. प्रत्येक घरातून एक खेप धरून सगळ्या गावाचं एकूण चालणं किती होतं? चिंचेपाशी आलं १५,२५० मीटर. एका बाकावरच्यांनी कुरापत म्हणून शंभर मीटरवरच्या पिठाच्या गिरणीपाशी करून बघितलं. आलं १३,४००. सरासरी हरली. वर्गात शांतता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुस्तकाच्या मागं उत्तरसूची असते तशी माझ्या मागं काही नव्हती, फळाच होता.

मी म्हटलं, मला माहीत नाही. नवशिक्यांनी हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघावं. पहिल्यांदा फार जड जातं.

उलगडा झाला तो रस्सीखेचीनं. आमच्या सातवीला रस्सीखेच कुठल्याही सूत्रापेक्षा लवकर कळते. मशीन देवळापाशी आहे असं धरा. ते एक मीटर पुढं सरकवलं तर देवळापाशीच्या तीस घरांना एकेक मीटर जास्त, पण पुढच्या पन्नास घरांना एकेक मीटर कमी. पन्नास जिंकले, सरकवा. गिरणीपर्यंत सरकवत आलो. आता तिथून आणखी एक मीटर पुढं? मागं राहिली पन्नास घरं, पुढं उरली तीस. पन्नास मागं ओढतात. मशीन गिरणीपाशीच थांबलं. कोण किती लांब आहे ह्याला इथं काही किंमत नाही, कोणत्या बाजूला किती आहेत एवढंच चालतं. ह्याला मध्यक म्हणतात आणि तो वरच्या वर्गांत येतो, पण सातवीनं तो गिरणीपाशी, दळणाच्या रांगेत उभं राहून शोधला. फळ्यावर मी लिहिलं, एकूण चालणं कमीत कमी हवं असेल तर मध्यक. खाली रेघ मारली. दोनदा.

तेव्हा ओढ्यापलीकडची पोरगी उठली. स्वप्नातलं अर्धं गाव काढणारी तीच. ती म्हणाली, "सर, ओढ्यापलीकडची घरं नऊशेऐवजी नऊ हजार मीटरवर असती, तरी मशीन गिरणीपाशीच आलं असतं का?"

मी मनातल्या मनात रस्सी ओढून बघितली. हो. तिथंच आलं असतं.

"मग आमचं अंतर आम्ही मोजलं कशाला?"

त्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो नाही. वर्गातल्या कुणीच पुढचा अर्धा तास तहानेचं नाव काढलं नाही. एकानं सुचवलं, सगळ्यात लांबच्या घराला कमीत कमी चालावं लागेल असं ठेवू. म्हणजे बरोबर मध्ये, ४५० मीटर. एकूण चालणं काढलं, २९,६००. दुपटीहून जास्त. देवळाकडच्या पोरांनी दंगा केला. कोणीतरी म्हणालं, चालण्याचं काय, परत येताना वीस लिटर म्हणजे वीस किलो असतात, रिकामं चालणं आणि भरलेलं चालणं सारखं कसं धरता? हेही खरं होतं, आणि गणितात बसवायचं कसं हे मला तेव्हाही नीट सुचलं नाही. मशीन दोन असती तर? एक गिरणीपाशी, एक ओढ्यापलीकडं. एकूण चालणं ५,४०० मीटर. सगळ्यांचं एकमत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दुसऱ्या मशीनचे पैसे कुणाच्याच वहीत नाहीत.

पोरांनी चारही हिशेब चार कागदांवर मांडले आणि सरपंचांना नेऊन दिले. सरपंच भले गृहस्थ, नीट वाचले, पोरांना बिस्किटं दिली. मग म्हणाले, "गुरुजी, काम लई झ्याक केलंय. पर मशीन देवळापाशीच बसणार. तिथं पंचायतीची जागा हाय आन् मीटर बी." पोरांनी परत येऊन पाचवा हिशेब केला. देवळापाशी १५,४००. "सर, पंचायतीचं उत्तर चिंचेपेक्षा फक्त दीडशे मीटरनं वाईट आहे," असं एकानं जाहीर केलं. त्याच्या आवाजात सरपंचांबद्दल आदर होता.

अधिकारी आल्यास

असा तास चालू असताना केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी येतातच. वर्ग रिकामा, मुलं मैदानात, शिक्षकाच्या हातात फक्कीची पिशवी. ते विचारतील, हे कशाच्या आधारे? उत्तरं तीन आहेत. समोरचा माणूस बघून एक निवडा.

पहिलं, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०, अनुभवातून शिक्षण. नव्या साहेबांना हे चालतं. दुसरं, गांधीजींची नई तालीम, १९३७ ची वर्ध्याची परिषद, हातानं काम करता करता शिक्षण. निवृत्तीला आलेल्या साहेबांचे डोळे ह्यानं पाणावतात. तिसरं मला स्वतःला आवडतं. भास्कराचार्यांची लीलावती, सन ११५०. तिच्यात खड्ड्याचं माप काढायचं प्रकरण आहे, विटांच्या थराचं आहे, लाकूड कापण्याचं आहे, धान्याच्या राशीचं आहे, सावलीचं आहे. म्हणजे गवंडी, सुतार, शेतकरी, सगळे पुस्तकात हजर. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला आहे. म्हणजे आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी हे वर्गात होतं, साहेब, मी फक्त मैदानात आणलं.

ह्यातलं राशीचं सूत्र आमच्या थेट उपयोगाला आलं. धान्याच्या ढिगाचा परिघ मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, वर्ग करा, उंचीनं गुणा, झालं घनफळ. रॅम्पसाठी मुरमाची ट्रॉली येऊन शाळेपुढं ओतली गेली, तेव्हा पोरं टेप घेऊन ढिगाभोवती फिरली. परिघ ९.६ मीटर, उंची एक मीटर. सहावा भाग १.६, वर्ग २.५६. म्हणजे २.५६ घनमीटर, म्हणजे नव्वद घनफूट. आणि ब्रास असतो शंभरचा.

सगळ्यांनी एकदम मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "म्हणून शंभर सांगायचं."

मूल्यमापन

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ह्यासाठी रकाना नाही. मामांना किती गुण, मावशींना किती, 'मग मोजलं कशाला' विचारणारीला किती? मी तिच्या नावापुढं दहापैकी दहा लिहिले आणि शेऱ्याच्या जागी 'प्रश्न विचारते' असं लिहिलं. वरिष्ठांनी तो शेरा तक्रार म्हणून वाचला आणि पालकांना बोलवा म्हणाले. पालक आले. वडील ओढ्यापलीकडून सायकलवर आले होते, मागं कॅरिअरला बांधलेला रिकामा जार होता. जाताना देवळापाशी भरून घेणार होते.

उपक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकायला विसरू नका. फोटोत सगळ्यांनी टेप धरलेली असावी, आणि टेपचं तुटलेलं टोक चौकटीबाहेर.

रॅम्प २६ जानेवारीच्या आधी झाला. वळण झेंड्याला वळसा घालून जातं, बारास एक, मामांनी वर झाडूनं रेघा ओढून खडबडीत केलाय. कॅलिपरवाला मुलगा पहिल्या दिवशी एकटा वर आला. त्याचे ते दोन मित्र शेजारून हात तयार ठेवून चालत होते आणि बरेचसे निराश दिसत होते. झेंडावंदन झालं, खाऊ वाटला.

दुसऱ्या दिवशी पहिली-दुसरीचं शिष्टमंडळ माझ्याकडं आलं. हातात गोणपाट. पुढारी साधारण सव्वा मीटर उंच.

"गुरुजी, ह्याच्यावर घसरताच येत नाही."

मी सातवीकडं बघितलं. एक जण आधीच टेप आणायला पळाला होता.